शिट्टी न होणारा कुकर

'कुकर लावला का?' हा प्रश्न मराठी घरात दिवसातून दोनदा तरी विचारला जातो. भात शिजत ठेवला का, एवढाच त्याचा अर्थ नसतो. खालच्या डब्यात डाळ, मधल्या डब्यात तांदूळ आणि वर बटाटे किंवा फरसबी, असा तीन मजली संसार गॅसवर चढला की निम्मा स्वयंपाक झाला असं घरातली बाई धरून चालते, आणि बाकीची मंडळी पानं घेण्याच्या तयारीला लागतात. पोळीला 'लावणं' नाही, भाजीला नाही, कुकरला आहे. लावायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं. आपल्याकडे प्रेशर कुकर देशात बनू लागले ते 1959च्या सुमारास. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत या वस्तूनं भाषेत जागा मिळवली, लग्नाच्या रुखवतात मिळवली आणि शेजारधर्मातही मिळवली. भिंतीपलीकडे शिट्टी झाली की जोशांकडे आज लवकर जेवणं आहेत हे आपल्याला कळतं.

शिट्टी हे आमच्या पिढीचं स्वयंपाकघरातलं घड्याळ. खरं पाहता ते अगदीच बेभरवशाचं. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण दाब आल्यावर आच मंद करा आणि मग मिनिटं मोजा असं सांगितलेलं असतं. शिट्ट्या मोजण्याची पद्धत आपण आपल्या घरी शोधून काढली. जास्तीची वाफ वजन उचलून बाहेर पडते, एवढंच त्या आवाजाचं शास्त्र. आच मोठी असेल तर चार मिनिटांत तीन शिट्ट्या होतात, मंद असेल तर दहा मिनिटांत एकही होत नाही. तरीही 'तुरीच्या डाळीला तीन, हरभऱ्याच्या डाळीला पाच' हे कोष्टक आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे चालत आलं. मी सदतीस वर्षं बँकेत काढली. मोजमापाचं इतकं ढिलं एकक आमच्या कुठल्याही लेखापरीक्षकानं चालवून घेतलं नसतं. पण त्यावर लाखो घरांचं वरण रोज व्यवस्थित शिजतं, हेही तितकंच खरं.

गेल्या दिवाळीत आमच्या ठाण्याच्या घरी जो नवा कुकर आला, त्याला शिट्टीच नाही. विजेवर चालणारा, सहा लिटरचा, एक हजार वॉटचा, पुढच्या बाजूला चौदा बटणं असलेला. दोन्ही अंगठ्यांचे सांधे दुखू लागल्यापासून जुन्या कुकरचं झाकण उघडताना मला त्रास होतो, हे पाहून मुलानं आणि सुनेनं तो आणला. दाबावर शिजवणं, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणं, नुसतं वाफवणं, भात करणं, परतणं, दही लावणं आणि झालेलं गरम ठेवणं ही सगळी कामं एकाच भांड्यात, असा त्याचा दावा. घरात आम्ही चौघं आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यांनी पहिली वर्षं कोळशाच्या शेगडीवर काढली, मग वातीचा स्टोव्ह, मग पंपाचा, मग गॅस. नव्या यंत्राकडे त्या अजिबात बिचकून पाहत नाहीत. या घरात चार इंधनं बदलून झालेली ती एकमेव व्यक्ती आहे.

एका भांड्यात सगळं करण्याची ही कल्पना तशी जुनीच. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली 'इकमिक कुकर' तयार केला. खाली कोळशाची लहान शेगडी, वर एकावर एक डबे, आणि वाफेवर भात, डाळ, भाजी एकाच वेळी तयार. सकाळी पेटवून माणसानं कामाला जावं आणि परत येऊन जेवावं अशी सोय. त्याही आधी, 1679 साली, देनी पापँ या फ्रेंच संशोधकानं लंडनमध्ये घट्ट झाकणाचं वाफेचं भांडं सिद्ध केलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडपही बसवली. 1682 साली रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढण्यात आलं, आणि जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करून ठेवली. तेव्हा कुकरच्या पहिल्या पंगतीला शास्त्रज्ञ बसले होते. आपण त्या मानानं उशिरा बसलो, पण अजून उठलेलो नाही.

नव्या कुकरची सवय व्हायला आम्हाला साधारण तीन महिने लागले. पहिली अडचण वेळेची. पडद्यावर 'पाच' हा आकडा दिसतो आणि माणूस समजतो, पाच मिनिटांत भात. प्रत्यक्षात ते पाच मोजायला सुरुवात होते ती आत पूर्ण दाब आल्यावर. दाब यायला दहा-पंधरा मिनिटं, मग ती पाच, आणि नंतर वाफ आपोआप जिरायला आणखी पंधरा. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला, "पाच मिनिटं म्हणतो आणि अर्धा तास लावतो. तुझ्या सासऱ्यांचंच वळण." शिवाय गॅसवरच्या कुकरमध्ये पाणी जवळजवळ 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, विजेच्या बहुतेक कुकरांत दाब थोडा कमी, म्हणून तापमानही चार-पाच अंशांनी कमी. तेवढ्यानं हरभरे आणि छोले शिजायला वेळ जास्त लागतो. म्हणजे वेळ वाचतो ही जाहिरातीतली गोष्ट मनावर घेऊ नये. लक्ष वाचतं, हे मात्र खरं. त्याच्याजवळ कोणी उभं राहावं लागत नाही, आच कमी करायला कोणी धावत यावं लागत नाही. बायकांच्या आयुष्यात वेळेपेक्षा लक्षच अधिक खर्च होतं, असं माझं अनुभवाचं मत आहे. वाचनात डोकं गुंतलेलं असताना एक कान शिट्टीकडे असणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

दुसरी अडचण पाण्याची. या भांड्यातून शिजताना वाफ जवळपास बाहेरच पडत नाही, त्यामुळे नेहमीच्या अंदाजानं पाणी घातलं तर आमटीचं सार होतं. पाणी कमी केलं आणि फोडणीचा मसाला तळाला चिकटलेला राहिला, तर यंत्र जळल्याची सूचना देऊन बंद पडतं. उपाय सोपा आहे. परतून झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून तळ उलथण्यानं मोकळा करायचा आणि मगच झाकण लावायचं. डाळ फेसाळते, म्हणून भांडं निम्म्यावर भरायचं नाही. झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. सकाळी मटण आणि संध्याकाळी तांदळाची खीर असा बेत असेल तर दोन वेगळ्या रिंगा हव्यात. आणि एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. मंद आचेवर सात-आठ तास शिजवण्याचं जे बटण आहे, त्यावर कच्चा राजमा कधीही लावू नये. राजम्यात मुळात एक विषारी द्रव्य असतं. ते नाहीसं व्हायला राजमा भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो किंवा दाबावर शिजवावा लागतो. मंद आचेचं तापमान त्याला पुरत नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत केक, पॉरिज आणि तीन प्रकारची सूपं होती. ही सूचना नव्हती.

दही मात्र त्यानं फार चांगलं लावलं. दूध चाळीस ते त्रेचाळीस अंशांच्या आसपास सहा-आठ तास राहिलं की विरजण हमखास लागतं, आणि तेवढं तापमान हे यंत्र इमानानं सांभाळतं. थंडीत डबा दुलईत गुंडाळून ठेवायची गरज उरली नाही. सासूबाईंचा मऊ भातही त्यात उत्तम होतो. वीजही भीती वाटावी इतकी लागत नाही. एक हजार वॉटचं उपकरण तासभर अखंड चाललं तर एक युनिट, आणि हे अखंड चालत नाही. दाब आला की वीज घेणं-सोडणं असं त्याचं चालतं. वीज गेली की मात्र गप्प बसावं लागतं. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालवायचं नसतं.

आणि पोळी? पोळी ते करत नाही. कणीक मळत नाही, मेथी निवडत नाही, खोबरं खवत नाही, ओटा पुसत नाही. चौदा बटणांत मराठी स्वयंपाकाचं सगळ्यात वेळखाऊ काम बसलेलंच नाही. मी वाकडेपणानं हे म्हणत नाही. यंत्रं जिथं बनली तिथल्या जेवणाप्रमाणे बनली. जपानमध्ये तोशिबानं 1955 साली विजेचा राइस कुकर बाजारात आणला, कारण तिथं प्रश्न भाताचा होता. तो सिद्ध करणारे योशितादा मिनामी हे छोटे कारखानदार. पण भात नेमका केव्हा शिजतो, बाहेरच्या हवेनं त्यात काय फरक पडतो, याचे कंटाळवाणे प्रयोग घर आणि मुलं सांभाळून केले ते त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. स्वयंपाकाच्या यंत्रामागेही घरातल्या बाईचं बिनपगारी काम असतं, याचं हे बरं उदाहरण आहे.

खरा प्रश्न इथंच आहे, आणि तो बटणांचा नाही. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी 1983 साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात एक हिशेब मांडला. घरात यंत्रं आली तेव्हा त्यांनी प्रामुख्यानं पुरुषांची आणि मुलांची कामं कमी केली, लाकडं फोडणं, पाणी-इंधन आणणं वगैरे. बाईची कामं राहिली आणि अपेक्षा मात्र वाढल्या. हे वाचताना मला आमची चाळ आठवली. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं काम भावांचं होतं, गिरणीत दळण नेण्याचंही त्यांचंच. गॅस सिलिंडर आला, रांग संपली. पुढे तयार पीठ आलं, दळण संपलं. भाऊ मोकळे झाले. मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा सुटला हे फार चांगलं झालं, आईचे खांदे वाचले. पण त्याच मिक्सरमुळे इडली-डोशाचं पीठ, दोन तऱ्हेच्या चटण्या, मुलांचे मिल्कशेक हे सगळं 'सहज होण्यासारखं' झालं, आणि जे सहज होतं ते रोज मागितलं जातं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची 2019 सालची वेळ-वापर पाहणी सांगते की, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते 97 मिनिटं. मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच शंभरात जेमतेम सव्वीस. मिक्सर, गॅस, फ्रिज हे सगळं घराघरांत येऊन कित्येक वर्षं झाल्यानंतरचे हे आकडे आहेत.

बँकेत आम्ही यंत्र येताना पाहिलं, म्हणून मला ही तुलना करावीशी वाटते. मी 1982 साली नोकरीला लागले. 1983 साली बँकांतल्या यांत्रिकीकरणाबद्दल कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं. येण्याआधी सभा झाल्या, घोषणा झाल्या. आल्यावर प्रशिक्षण झालं. काही महिने यंत्रात एक नोंद आणि जाडजूड लेजरमध्ये तीच नोंद हातानं, असं दुहेरी काम चाललं. दोन्हींची बेरीज जुळली तेव्हा हातची खतावणी बंद झाली. आणि मुख्य म्हणजे, जे कारकून ते यंत्र चालवायला शिकले त्यांना त्यासाठी वेगळा भत्ता मिळाला. नवं काम, नवं कसब, म्हणून थोडे जास्त पैसे. यात कोणालाही नवल वाटलं नाही.

त्याच वर्षांत माझ्या घरी कुकर बदलला, मिक्सर आला, पुढे मायक्रोवेव्ह आला. त्यांच्याबद्दल सभा झाली नाही. ते शिकायला रजा नव्हती, भत्ता तर नव्हताच. सकाळची लोकल पकडायची असताना नवं यंत्र शिकायचं म्हणजे पहाटे आणखी अर्धा तास आधी उठायचं. म्हणून या वेळी मी घरात बँकेचा नियम लावला. या कुकरचं प्रशिक्षण सगळ्यांचं होईल, आणि यंत्र जो शिकेल त्यानं आठवड्यातले ठरलेले वार घ्यायचे. जुना कुकरही गॅसवर दोन महिने समांतर चालू ठेवला, दोन्हींची बेरीज जुळेपर्यंत. मुलाकडे मंगळवार आणि शुक्रवार आहेत. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि गॅससमोर उभं राहायला त्याला आजवर कधी फुरसत झाली नव्हती. बटणं असलेल्या वस्तूसमोर मात्र आनंदानं उभा राहतो. पुरुष यंत्राच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरतात याची काही मैत्रिणी थट्टा करतात. मी करत नाही. कुठल्याही दारानं आत या म्हणावं. फक्त आत आल्यावर खिचडी करून बाहेर जाऊन बसायचं नाही. भांडं घासायचं, रिंग काढून धुवायची, झडपेत अडकलेला डाळीचा कण काडीनं काढायचा, आणि उद्या डाळ आहे का हे आज पाहायचं. हे शेवटचं अजून त्याला जमायचंय. काय संपलं आहे हे लक्षात ठेवणं, हे कुठल्याच पुस्तिकेत नसलेलं काम आहे.

यंत्र बनवणाऱ्यांशीही थोडं भांडण आहे. चौदाही बटणांवरची अक्षरं इंग्रजी, तीही करड्यावर पांढरी. पाटी इतकी गुळगुळीत की बोटाला काही लागत नाही. सासूबाईंची दृष्टी अधू आहे. गॅसची कळ त्या चाचपून फिरवतात, हे यंत्र त्यांना चाचपता येत नाही. स्वयंपाकघरात जे वर्षानुवर्षं राबले त्यांचे डोळे आणि बोटं आता थकली आहेत, हे आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली 'रुचिरा' लिहिताना वजन-मापांऐवजी वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, ते का, याचा विचार या कंपन्यांनी करायला हवा. पुस्तिकेची चार पानं मराठीत छापायला किती खर्च येतो?

दुरुस्तीचंही तसंच. रिंग सैल झाली म्हणून कंपनीकडे नवी मागितली, तर ती यायला सहा आठवडे गेले. गॅसच्या कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात टांगलेली असते. नाही तर 'कुकर रिपेऽऽर' अशी हाक देत सायकलवाला येतोच. आपल्याकडचा 'सुमीत' मिक्सर जन्मला तोही असल्याच अडचणीतून. परदेशी बनावटीचा घरचा मिक्सर बिघडला, इथं दुरुस्त होईना, म्हणून 1963 साली सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर बनवायला घेतला. विजेच्या कुकरला असा कोणी माथुर भेटायला हवा. ज्या कॅनडातल्या कंपनीनं 2010 साली असा कुकर आणून तो घराघरांत पोचवला, तिच्या मूळ कंपनीवर 2023 साली दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागण्याची पाळी आली. कारणं बरीच होती. एकदा घेतलेला कुकर बरीच वर्षं टिकतो, मग लोक दुसरा घेत नाहीत, हेही तेव्हा बोललं गेलं. माझ्यासारख्या जुन्या बँकरला ही तक्रार फार गोड वाटते.

राहिल्या आमच्या मावशी. त्या गेली अकरा वर्षं सकाळी येऊन पोळी-भाजी करतात. अशी चार घरं त्यांच्याकडे आहेत. यंत्र आलं तेव्हा त्या दोन दिवस जरा कमी बोलल्या. आमच्याच इमारतीत एका घरानं असं यंत्र घेतल्यावर भाताचे आणि वरणाचे पैसे कापले होते, हे मला नंतर कळलं. मावशींनी शेवटी विचारलं, "ताई, आता मी काय फक्त पोळ्याच करायच्या का?" मी त्यांना यंत्र दाखवलं. त्या मराठी वाचतात, इंग्रजी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि बटणांवर ठिपके दिले: भाताला एक, डाळीला दोन, वाफवायला तीन, थांबवायच्या बटणावर आडवी रेघ. वाळल्यावर ठिपका बोटाला लागतो, म्हणून आता सासूबाईंनाही तो कुकर चालवता येतो.

मावशींचा पगार आम्ही त्या महिन्यापासून तीनशे रुपयांनी वाढवला. मुलानं विचारलं, "काम कमी झालं आणि पगार कसा वाढला?" त्याला मी लेजर पोस्टिंगच्या भत्त्याची गोष्ट सांगितली. ती त्याला पटली की नाही ते त्यानं सांगितलं नाही, पण पहिल्या तारखेला पाकिटात पैसे बरोबर मोजून घातले होते. ज्या घरानं पैसे कापले त्या घरच्या बाईंशी मी अजून बोलायची आहे. त्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे ते जरा अवघड जाणार आहे. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे, त्यानंतर गाठीन म्हणते.